पुराणकथांतील पिता व पुत्र : गोष्टीच्या तासासाठी एक तौलनिक अभ्यास

ध्रुव, प्रल्हाद आणि नचिकेत या तीन बालकांच्या कथा ज्या प्राथमिक शाळेत कधीच सांगितल्या जात नाहीत, अशी शाळा महाराष्ट्रात विरळाच आढळेल. कथा संपली की तात्पर्य विचारण्याचा प्रघात आहे आणि वर्गातून येणारे उत्तरही बहुधा ठरलेले असते : वडील माणसांची आज्ञा पाळावी. उत्तर मुखोद्गत असते, खणखणीत आवाजात दिले जाते. पण ते या कथांचे नसते. ध्रुव पित्याची अनुज्ञा न घेता घराबाहेर पडला. प्रल्हादाने पित्याची आज्ञा एकदा नव्हे, पुनःपुन्हा मोडली. नचिकेताने भर यज्ञात पित्याला नकोसा झालेला प्रश्न तीन वेळा विचारला. आज्ञापालनाचा पाठ देण्यासाठी नेमकी हीच तीन मुले निवडली जावीत, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

असे होण्याचे कारण, प्रत्येक कथा एकेकटी सांगितली जाते हे होय. एकेकटी कथा ऐकताना लक्ष चमत्काराकडे जाते : खांब दुभंगतो, तारा अढळ होतो, यम प्रसन्न होतो. दोन-तीन कथा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे मात्र त्यांच्या आतील बांधणी दिसू लागते. ज्या लहानशा घटनेतून कथा उगवते तिला कथाबीज म्हणतात. अनेक कथांतून, अनेक काळांत आणि अनेक प्रदेशांत जी मूळ आकृती पुनःपुन्हा प्रकट होते तिला समीक्षक आदिबंध हे नाव देतात. रागावलेला पिता, प्रश्न विचारणारे मूल, वाटेत भेटणारा मार्गदर्शक, वर देणारा देव हे असे आदिबंध होत. वर्गात हे शब्द उच्चारण्याचे कारण नाही. शिक्षकाच्या मनात ते असले म्हणजे पुरे.

कठोपनिषदातील नचिकेताची कथा एका गोठ्यापासून सुरू होते असे म्हटले तरी चालेल. त्याचा पिता सर्वस्वदानाचा यज्ञ करीत आहे. परंतु दक्षिणा म्हणून ज्या गाई दिल्या जात आहेत त्या म्हाताऱ्या व भाकड आहेत. भाकड गाय दान देणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मुलास समजावून सांगावे लागत नाही. पिता बोलतो एक आणि करतो दुसरेच, हे त्या कुमाराच्या ध्यानात येते. तो गाईंविषयी काही बोलत नाही. मला कोणाला देणार, एवढेच विचारतो. सर्वस्व द्यावयाचे तर त्यात पुत्रही आलाच, हा त्या प्रश्नातील काटा होय. तिसऱ्या खेपेस पिता संतापून त्याला मृत्यूच्या स्वाधीन करतो. पुढील भाग, म्हणजे यमाच्या दारातील तीन रात्री व तीन वर, सर्वांस परिचित आहे.

ध्रुवाची कथा विष्णुपुराणाच्या पहिल्या अंशात आणि भागवताच्या चौथ्या स्कंधात आली आहे. उत्तानपाद राजाच्या मांडीवर उत्तम बसला आहे, ध्रुवही बसू पाहतो आणि सुरुची त्याला अडविते. तिचे कठोर बोल बहुतेक शिक्षक रंगवून सांगतात. तथापि भागवतकारांचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे गेले आहे : हे सर्व घडत असता पिता समोर बसला होता, पाहत होता आणि गप्प होता. मुलाला बाणासारखे लागले ते सापत्न मातेचे शब्द खरेच. पण ज्याने बोलावयास हवे होते त्याचे मौनही त्यात होते. कथा सांगताना या ठिकाणी क्षणभर थांबणे इष्ट. घरात असे मौन अनुभवलेली मुले प्रत्येक वर्गात असतात.

प्रल्हादाच्या कथेत शिक्षकवर्गाला विशेष रस वाटावा असा भाग आहे, आणि तोच वर्गात सहसा गाळला जातो. भागवताच्या सातव्या स्कंधात शुक्राचार्यांचे पुत्र शंड व अमर्क हे राजपुत्राचे अध्यापक आहेत. हिरण्यकशिपू मुलाला प्रेमाने मांडीवर घेतो आणि काय शिकलास म्हणून विचारतो. उत्तर ऐकून तो प्रथम हसतो व अध्यापकांना अधिक लक्ष ठेवावयास सांगतो. पुढे पुन्हा मांडीवर घेऊन हाच प्रश्न विचारतो. पुन्हा तसेच उत्तर येते. तेव्हा तो मुलाला मांडीवरून खाली जमिनीवर लोटून देतो. मधल्या काळात अध्यापकावरही आळ येतो. हे मी शिकविले नाही, दुसऱ्या कोणीही शिकविले नाही, ही त्याची उपजत बुद्धी आहे, अशी बिचाऱ्याची विनवणी असते. वरिष्ठांपुढे विद्यार्थ्याच्या उत्तराचा जाब देण्याची वेळ त्या काळीही गुरुजींवर येत असे, असे दिसते. पुढे हे अध्यापक घरच्या कामासाठी शाळेबाहेर गेले असता प्रल्हाद सवंगड्यांना जमवून स्वतःच पाठ देतो आणि तो पाठ त्यांना अध्यापकांच्या पाठापेक्षा अधिक पटतो.

आता तिन्ही पिते शेजारी शेजारी उभे करावेत. एक रागाच्या भरात बोलून गेला. दुसरा बोलावयास हवे तेथे बोलला नाही. तिसऱ्याने जाणूनबुजून मुलाचा छळ मांडला. तिघांचा अपराध सारखा नाही आणि कथाकारांनीही तो सारखा मानलेला नाही. पहिल्याला शिक्षा होत नाही, दुसरा पश्चात्तापाने झुरतो, तिसरा मारला जातो. चौथी-पाचवीतील मुलांसमोर ही तुलना ठेवली तर, कोणता पिता अधिक चुकला, यावर ती बराच वेळ भांडतील. ते भांडण होऊ द्यावे. न्यायाची जाण आयत्या तात्पर्यातून फारशी येत नाही.

मुले भेदाकडे वळली की साम्य आपोआप पुढे येते. भागवतातील ध्रुव आणि प्रल्हाद दोघेही पाच वर्षांच्या आसपासचे आहेत, म्हणजे पहिलीत नाव घालण्याच्या वयाचे. दोघांचाही मार्गदर्शक नारद आहे. ध्रुवाला तो वाटेत भेटतो. प्रल्हादाला त्याचा उपदेश मातेच्या उदरात असतानाच मिळालेला असतो. मराठी माणसाच्या मनातील नारद कळ लावणारा आहे आणि मुले त्याचे नाव ऐकताच हसू लागतात. परंतु जुन्या कथा नीट पाहिल्या तर हा मुनी बहुतेक अशाच ठिकाणी उपस्थित असतो, जेथे मूल आणि पिता यांच्यात काही ताण उत्पन्न झालेला आहे किंवा होणार आहे. सावित्रीने निवडलेल्या सत्यवानाचे आयुष्य वर्षभराचेच उरले आहे हे तिच्या पित्यापुढे सांगणारा नारदच. दक्षाने प्रजावृद्धीसाठी पाठविलेल्या पुत्रांना वेगळी वाट दाखविणाराही नारदच. ते पुत्र घरी परतले नाहीत, म्हणून दक्षाने त्याला कोठेही स्थिर थारा न मिळण्याचा शाप दिला. घराबाहेरचा, घर नसलेला आणि घरातील मुलाला स्वतःची वाट दाखविणारा असा हा आदिबंध आहे. शिक्षकाने त्यात आपली छाया पाहिली तर ते अस्थानी होणार नाही.

दुसरे साम्य अधिक महत्त्वाचे असून ते सहसा नजरेतून सुटते. तिन्ही मुले पित्यापासून दूर जातात आणि तिघांच्याही कथा पित्याकडे वळतात. यमाने तीन वर देऊ केले असता नचिकेताने पहिला वर आत्मविद्येचा मागितला नाही. पित्याचा राग शांत व्हावा, आपण परत गेलो असता त्याने आपल्याला ओळखून प्रेमाने बोलावे, हे त्याचे पहिले मागणे. नरसिंहाने वर माग म्हणताच प्रल्हादाने ज्याने आपला छळ केला त्या पित्याला दोषमुक्त करावे अशी प्रार्थना केली. ध्रुव तपश्चर्येहून परतला तेव्हा उत्तानपाद रथात बसून सामोरा गेला आणि ध्रुवाने सुनीतीप्रमाणे सुरुचीलाही वंदन केले. तिने त्याला उठवून जवळ घेतले. आज्ञा मोडली, पण नाते मोडले नाही. या कथांत सांगण्यासारखे काही असेल तर ते येथे आहे. आणि ते आज्ञापालनापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

मात्र येथेच थांबले तर दुसरीच चूक होईल. प्रत्येक मुलाने शेवटी क्षमा केलीच पाहिजे, असा नवा ठरीव पाठ त्यातून तयार होईल. परंपरेने तसे म्हटलेले नाही. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा याचा पुरावा आहे.

तारामती व रोहिदास यांच्यासह मराठी घरांत जो हरिश्चंद्र परिचित आहे, त्याच नावाच्या राजाची ही वैदिक कथा होय. पुत्र झाल्यास तो तुलाच अर्पण करीन, असे वचन देऊन राजाने वरुणाकडून पुत्र मिळविला. पुढे दात येऊ देत, दात पडू देत, शस्त्र धारण करण्याजोगा होऊ दे, अशा सबबी सांगून तो वेळ काढीत राहिला. पुत्र रोहित मोठा झाल्यावर त्याला हे कळले तेव्हा तो धनुष्य घेऊन अरण्यात निघून गेला. सहाव्या वर्षी त्याला अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटला. त्याला तीन मुलगे होते. रोहिताने आपल्या बदली एक मुलगा शंभर गाईंना मागितला. पित्याने थोरल्याला जवळ ओढले, मातेने धाकट्याला. मधला उरला. तो शुनःशेप.

कथा एवढ्यावर थांबत नाही. यज्ञात मुलाला यूपाला बांधावयास कोणी तयार होईना. आणखी शंभर गाई घेऊन पित्यानेच त्याला बांधले. वध करावयास कोणी मिळेना. आणखी शंभर गाई मिळतील म्हणून पिताच शस्त्र पाजळीत पुढे आला. मुलाने देवांची स्तुती केली, एकेक पाश गळून पडला. मग तो उठला आणि विश्वामित्राच्या अंकावर जाऊन बसला. अजीगर्ताने त्याला परत मागितले, पश्चात्तापाची भाषा केली. शुनःशेपाने नकार दिला. माझ्यापेक्षा तुम्हाला तीनशे गाई अधिक वाटल्या, या आशयाचे त्याचे उत्तर आहे. विश्वामित्राने त्याला देवरात हे नाव देऊन आपला ज्येष्ठ पुत्र केले. राजसूय यज्ञात अभिषिक्त राजाला ही कथा ऐकविण्याचा विधी होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सिंहासनावर बसणाऱ्याने एका विकलेल्या मुलाची हकीकत ऐकावी, अशी ती व्यवस्था.

तीन कथांतून आलेली मांडी येथे एकत्र पाहता येते. ध्रुवाला ती नाकारली गेली, प्रल्हाद तिच्यावरून लोटला गेला आणि शुनःशेपाला ती परक्याची मिळाली. एक साधी वस्तू किंवा जागा अनेक कथांतून कशी अर्थ वाहून नेते, याचे याहून सोपे उदाहरण शोधूनही मिळणार नाही. मांडी या शब्दाभोवती तिन्ही प्रसंग फळ्यावर लिहिले तर तिसरीचे मूलही तुलना करू शकते.

शुनःशेपाची कथा मात्र सहावी-सातवीच्या आधी सांगू नये, आणि सांगताना सावधपणा ठेवावा. अजीगर्त भुकेने व्याकुळ होता हे मूळ कथेतच आहे. त्याला आरंभापासूनच राक्षस ठरवू नये. पहिल्या शंभर गाई आणि पुढच्या दोनशे गाई यांतील फरक मुलांना शोधू द्यावा. ज्या गावांतून ऊसतोडणीसाठी कुटुंबे बाहेर जातात, तेथे मुकादमाची उचल, हंगामात सुटणारी शाळा, धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी थांबविलेली मुलगी या गोष्टी वर्गाला ठाऊक असतात. अशा वेळी एखादे मूल कथेतून स्वतःच्या घराकडे पाहू लागेल. शिक्षकाने ती तुलना स्वतः बोलून दाखवू नये, आणि मुलाने दाखविली तर तिला गप्पही करू नये. तास संपल्यावर त्या मुलाशी एकट्याने बोलावे. त्याच्या घराची चौकशी वर्गासमोर करणे म्हणजे त्याला पुन्हा यूपाला बांधण्यासारखेच आहे.

मुलींनी या कथा ऐकाव्यात आणि त्यांत मुलगी असू नये, हेही बरे नव्हे. महाभारताच्या वनपर्वातील सावित्री ही नचिकेताची भगिनीच म्हणावी लागेल. दोघेही यमासमोर निर्भयपणे उभे राहतात, दोघांनाही वर मिळतात, आणि दोघेही पहिला वर स्वतःसाठी मागत नाहीत. सावित्री प्रथम सासऱ्याची दृष्टी मागते, मग त्याचे राज्य, मग आपल्या पित्यासाठी शंभर पुत्र. पित्याने नारदाचे बोलणे ऐकून दुसरा वर शोध असे सुचविले असता तिने ते मानले नव्हते, हेही सांगावे. वडाच्या पूजेच्या गडबडीत तेवढे विसरले जाते. तिच्या उलट दक्षकन्या सती. बोलावणे नसता ती पित्याच्या यज्ञाला गेली, तेथे पतीचा अवमान पाहिला आणि पुन्हा परत आली नाही. या कथेत मुलीला परतीची वाट नाही. पश्चात्ताप होतो तो पित्याला, आणि तोही उशिरा. भागवताच्या एकाच चौथ्या स्कंधात सती आणि ध्रुव यांच्या कथा आहेत. मुलगा अढळपदी पोहोचतो, मुलगी यज्ञभूमीवर देह ठेवते. असे का, हा प्रश्न वरच्या वर्गातील एखादी मुलगी विचारील तर तिला तयार उत्तर देण्याची घाई करू नये.

आज्ञा पाळणारे पुत्रही पुराणांत आहेतच. ययातीला आपले तारुण्य देणाऱ्या पुरूला राज्य मिळाले. नकार देणाऱ्या यदूला मिळाले नाही, परंतु पुढे श्रीकृष्ण जन्मला तो यदूच्याच वंशात. परशुरामाने पित्याच्या आज्ञेने मातेचा वध केला. पण वर मागण्याची संधी मिळताच माता जिवंत व्हावी आणि तिला या वधाचे स्मरण राहू नये, हे त्याने आधी मागितले. आज्ञा तर पाळली, आणि मिळालेला वर तीच आज्ञा पुसून टाकण्यासाठी खर्च केला. एवढ्या थोड्या शब्दांत इतके अवघड काही सांगणारी कथा दुर्मीळच.

जिल्हा परिषदेच्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची व जमातींची मुले एकत्र बसतात, आणि राज्यघटनेच्या 28 व्या अनुच्छेदानुसार शासनाच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. या कथा भाषेच्या तासाला, वाङ्मय म्हणूनच सांगावयाच्या आहेत. देव खरोखर आला काय, हा त्या तासाचा प्रश्न नव्हे. मुलाने काय विचारले आणि मोठ्या माणसाने काय केले, हा प्रश्न आहे. इतर घरांतून येणाऱ्या मुलांना त्यांच्याकडील बाप-लेकाची एखादी गोष्ट सांगावयास जरूर बोलवावे. पारधी, ठाकर किंवा मुसलमान घरातील आजीकडे अशी गोष्ट नसेल असे मानण्याचे कारण नाही.

तौलनिक अभ्यासाचा शेवटचा टप्पा म्हणजे एकच कथा निरनिराळ्या प्रदेशांत पाहणे. त्यासाठी चिलया बाळाची कथा योग्य आहे. श्रीधरांच्या शिवलीलामृतामुळे आणि श्रावणातील श्रियाळ षष्ठीमुळे ती महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. अतिथीच्या रूपाने आलेला शिव श्रियाळ व चांगुणा यांच्याकडे त्यांच्या मुलाच्या मांसाचे भोजन मागतो. कन्नड परंपरेत हेच दांपत्य सिरियाळ व चंगळे या नावांनी येते. तमिळ भाषेत, बाराव्या शतकातील सेक्किळार यांच्या पेरियपुराणात, पित्याचे नाव सिरुत्तोंडर आणि मुलाचे नाव सीराळन आहे. चिलया, सीराळन, श्रियाळ, सिरियाळ ही नावे एकापुढे एक म्हणून पाहिली तरी कथेने दक्षिणोत्तर केलेला प्रवास कानाला जाणवतो.

लहान मुलांना ही कथा भयंकर वाटते, आणि ती तशी आहेही. कांडणाच्या उखळापर्यंतचा तपशील शाळेत सांगू नये. पण वरच्या वर्गात आधीच्या सर्व कथा झाल्यानंतर ती आणली, तर मुले स्वतःच एक गोष्ट हेरतात : येथे मुलाला मांडीही आहे, प्रेमही आहे, आणि तरी त्याचा बळी मागितला जातो, प्रश्न विचारणारा मात्र कोणीच नाही. नचिकेत या घरात असता तर त्याने काय विचारले असते, हा लेखनासाठी उत्तम विषय होईल. उत्तरे दहा ओळींत लिहून घ्यावीत आणि त्यांना गुण देऊ नयेत.

तमिळ रूपातील शेवट सांगण्यास विसरू नये. सिरुत्तोंडर मुलाला आणावयास जातो तेव्हा सीराळन शाळेत असतो. पिता त्याला तेथून घरी घेऊन येतो. शेवटी अतिथी म्हणतो, मुलाला हाक मारा, त्याच्याशिवाय जेवणार नाही. जे मूल आता नाही त्याला हाक कशी मारावी, हे कळत नसतानाही आईबाप दारात जाऊन हाक मारतात. आणि मूल धावत येते, जणू नुकतीच शाळा सुटली आहे.